कारवी फुलली नाही, तेही लिहा

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



वनस्पतींवर व्याख्यान आहे म्हटलं की लोक दोन अपेक्षा मनात धरून येतात. एक, पडद्यावर सुंदर फुलं दिसतील. दुसरी, कुठल्या पाल्यानं गुडघेदुखी थांबते ते कळेल. आज दोन्ही बाबतींत तुमची निराशा होणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आयुष्यभर भूगोल शिकवत होते, तेव्हा त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर नकाशाविषयी बोलावं असं मला वाटलं. नकाशा एका झुडपाचा आहे आणि तो अजून व्हायचा आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. सह्याद्रीत कारवी कुठे कुठे आहे आणि कुठल्या डोंगरावरची कारवी कुठल्या साली फुलते, याचा नकाशा आपण सगळ्यांनी मिळून करायला हवा. आणि ज्या साली ती फुलली नाही, ते सालही त्यात लिहायला हवं. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. बाकीचं व्याख्यान म्हणजे त्याचं स्पष्टीकरण.

कारवी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. फुलं नसताना पाहिली, म्हणून लक्षात राहिलेली नाही. माथेरान, खंडाळा, माळशेज, भीमाशंकर, ताम्हिणी, महाबळेश्वर, आंबोली, कुठल्याही घाटाच्या पायवाटेला लागा. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर जाणारी, सरळ काठ्यांची दाट झुडपं लागतात. पानं मोठी, लांबट, दातेरी कडांची आणि हाताला खरखरीत. पावसात वाट निसरडी झाली की आपण पटकन ज्या काठीला धरतो ती बहुधा कारवीचीच असते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्यांवर याच काठ्यांचा कूड घालतात. काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कांब्यांना आवळायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपून घ्यायच्या. कोकणात आणि मावळात कितीतरी पिढ्या अशा कुडाच्या घरात वाढल्या. त्यांच्या दृष्टीनं कारवी म्हणजे घराची भिंत. फुलाचं कौतुक नंतरचं, आणि तेही बहुतेक शहरातून आलेल्यांचं.

हे झुडूप वर्षानुवर्षं नुसतं पानावर असतं. मग एखाद्या पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, अख्ख्या उताराची कारवी एकदम फुलते. दाट कणसांतून निळसर जांभळी, घंटेसारखी फुलं बाहेर पडतात आणि लांबून पाहिलं तर डोंगराचा रंगच पालटलेला दिसतो. सातेरी माश्या आणि आग्या माश्या दिवसभर त्या रानात असतात. त्या हंगामात कारवीचा घट्ट, गडद मध मिळतो, आणि महाबळेश्वरकडचे मध काढणारे या वर्षाची वाट पाहत असतात. फुलं गळली की बोंडं धरतात आणि झाड वाळायला लागतं. आयुष्यात एकदाच फुलायचं आणि मरून जायचं, असा या जातीचा शिरस्ता आहे. वाळलेली बोंडं मात्र पुढचा सगळा उन्हाळा काठीवरच राहतात. पुढच्या पावसाची पहिली ओल लागली की ती तडातडा फुटतात आणि बिया लांब उडतात. त्या दिवसांत कारवीच्या रानात गेलात तर पाऊस थांबल्यावरही ही तडतड ऐकू येते.

आता सनावळीकडे येऊ. गावात विचारा, ‘कारवी किती वर्षांनी फुलते?’ उत्तर येतं, ‘सात वर्षांनी.’ वर्तमानपत्रंही तेच छापतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली आणि २०२४ साली फुलली. वजाबाकी केली तर आठ येतात. मग लोक चुकले का? मला तसं वाटत नाही. दोन फुलोऱ्यांच्या मध्ये सात पावसाळे रिकामे जातात. रानात राहणारा माणूस रिकामे पावसाळे मोजत असेल तर त्याचा सात बरोबर, आणि आपण सनांची वजाबाकी करतो म्हणून आपला आठही बरोबर. पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सात म्हणा की आठ, हा आकडा ठरतो तो मधल्या रिकाम्या पावसाळ्यांवर. कोणीतरी २००९ पासून २०१५ पर्यंत दर वर्षी त्या डोंगराकडे पाहिलेलं असलं, आणि ‘यंदा नाही’ असं म्हटलेलं असलं, तरच २००८ आणि २०१६ यांच्यातलं अंतर आठ वर्षांचं आहे असं छातीठोकपणे म्हणता येतं. नाहीतर मध्ये २०१२ सालीही फुलली असेल आणि कोणी गेलं नसेल, अशी शंका राहतेच. मुंबईच्या दाराशी असलेल्या उद्यानात अशी शंका राहत नाही, कारण तिथे रोज माणसं जातात. जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या सोंडेवर किंवा कोयनेच्या खोऱ्यातल्या आडरानात ती राहते.

त्यात आणखी एक गुंता आहे. सगळा सह्याद्री एकाच साली फुलत नाही. एका डोंगररांगेचं वर्ष वेगळं, शेजारच्या रांगेचं वेगळं, आणि अधूनमधून वाट चुकल्यासारखी चार झाडं एखादं वर्ष आधी किंवा नंतर फुलतात ती वेगळीच. त्यामुळे कारवी कुठे ना कुठे फुललेली असतेच. मग बातमी येते, ‘सात वर्षांनी कारवी बहरली’. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्याच्या पुरवणीत पुन्हा तीच बातमी येते आणि वाचक बुचकळ्यात पडतो. बातमीदारानं काही खोटं लिहिलेलं नसतं. डोंगराचं नाव मथळ्यात नसतं, एवढंच.

अमेरिकेतल्या लोकांपुढे असाच प्रश्न होता, फक्त तो एका किड्याचा होता. सिकाडा नावाचा हा किरकिरणारा कीटक १३ किंवा १७ वर्षं जमिनीखाली काढतो आणि मग लाखोंच्या संख्येनं एकदम वर येतो. कुठल्या राज्यात कधी येतो याचा काही मेळ लागत नव्हता, कारण वेगवेगळ्या टोळ्यांची वेळापत्रकं एकमेकांत मिसळलेली होती. गावोगावच्या लोकांच्या नोंदी जुळवत चार्ल्स मार्लॅट या कीटकशास्त्रज्ञानं १८९८ साली प्रत्येक टोळीला एकेक रोमन आकडा दिला. मग नकाशा वाचता येऊ लागला. १३ क्रमांकाची १७ वर्षांची टोळी आणि १९ क्रमांकाची १३ वर्षांची टोळी २०२४ साली एकाच वेळी वर आल्या. त्याआधी हा योग आला होता १८०३ साली. सतरा गुणिले तेरा म्हणजे दोनशे एकवीस वर्षं. एवढ्या लांबचा हिशेब मांडता येतो, कारण मधल्या पिढ्यांनी काय दिसलं आणि काय दिसलं नाही ते लिहून ठेवलं.

आपल्याकडे असं कुणी केलंच नाही, असं मात्र समजू नका. कारवीची दक्षिणेकडची बहीण म्हणजे नीलकुरिंजी. मुन्नार, कोडाईकॅनाल, निलगिरी इथल्या गवताळ माथ्यांवर ती १२ वर्षांनी फुलते. तिच्या फुलोऱ्याची मालिका १८३८ सालापासून सांगता येते, आणि दर बारा वर्षांनी मोजत आलं की २००६ आणि २०१८ ही सालं येतात. १९३४ सालच्या फुलोऱ्यावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लगेच पुढच्या वर्षी लेख आला. पळनी डोंगरातले पळियान लोक कुरिंजीच्या फुलोऱ्यांवरून माणसाचं वय मोजत, असं सांगतात. २००६ साली केरळ सरकारनं इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीसाठी स्वतंत्र अभयारण्य जाहीर केलं आणि टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं. हे सगळं शक्य झालं कारण कधी फुलणार ते आधी माहीत होतं. आणि तिथेही डोंगरागणिक वर्ष वेगळं आहेच. २०२२ साली इडुक्कीतल्याच कळ्ळिपाऱ्याला कुरिंजी फुलली, तेव्हा मुन्नारच्या वेळापत्रकात ते साल नव्हतं.

कारवीची मालिका अशी सलग लावलेली नाही; पण तिचे तुकडे आपल्याजवळ आहेत. ते कुठे सापडतील ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे हर्बेरियम. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ सालचं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, १९५५ सालचं. तिथे जाड कागदावर दाबून वाळवलेली फांदी चिकटवलेली असते, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर झाडाचं नाव, गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा नोंद क्रमांक, ठिकाण, तारीख. फुलाचा जांभळा रंग केव्हाच उडून तपकिरी झालेला असतो, पण तारीख शाबूत असते. आता यातली खुबी पाहा. वनस्पतिशास्त्रज्ञ सहसा फूल किंवा फळ असल्याशिवाय फांदी गोळा करत नाही, कारण त्याखेरीज जात पक्की करता येत नाही. म्हणजे कारवीची जुनी शीट फुललेली असली की ती त्या ठिकाणच्या फुलोऱ्याचं साल सांगते. शंभर वर्षांच्या शीटवरच्या तारखा एका कागदावर उतरवल्या तर निम्मी मालिका हाती येईल. उरलेली निम्मी येणार नाही, कारण फूल नसलेल्या वर्षी तो गृहस्थ कारवीजवळून नुसता पुढे गेला आणि त्यानं काहीच लिहिलं नाही.

दुसरी जागा म्हणजे पुस्तकं. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. स्पेनमधून आलेले जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी १९५१ साली मुंबई भागातल्या कारवीच्या कुळावर आणि १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवर पुस्तकं लिहिली. हे सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. कारवीच्या गोतावळ्यातली झुडपं आणि बांबू एकगठ्ठा कसे फुलतात, यावरही त्यांनी लिहिलं. एक माणूस वर्षानुवर्षं एकाच डोंगरावर पुन्हा पुन्हा गेला तर काय हाती लागतं, याचा खंडाळ्याचं पुस्तक हा उत्तम दाखला आहे.

जुनी नोंद शोधताना एक अडचण येते ती नावाची. नीस या जर्मन शास्त्रज्ञानं १८३२ साली कारवीला स्ट्रोबिलँथस कॅलोसा असं नाव दिलं. १९४४ साली ब्रेमेकाँप यांनी या मोठ्या प्रजातीचे तुकडे करून कारवीला ‘कार्व्हिया’ अशी स्वतंत्र जागा दिली. पुढे ती पुन्हा जुन्या नावाखाली आली. त्यामुळे एकाच झुडपाच्या नोंदी दोन नावांखाली विखुरल्या आहेत. संगणकावर एकच नाव टाकून शोधलंत तर पुष्कळ नोंदी निसटतील.

तिसरी जागा म्हणजे माणसांची आठवण. ही सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लवकर संपणारी. वाडीवरच्या म्हाताऱ्या आजीला ‘कारवी कुठल्या साली फुलली होती?’ असं विचारलं तर ती हसते. सन तिच्या कामाचा नाही. पण ‘आजी, तेव्हा घरात काय चाललं होतं?’ असं विचारा. ‘धाकट्याचं लगीन ठरलं त्या पावसात. मांडवाला आलेली व्हराडं म्हणत होती, बाई, तुमचा डोंगर निळा कसा?’ मग पेटीतली लग्नपत्रिका काढायची, तारीख पाहायची, की साल मिळालं. काही आठवणींना सगळ्या गावाच्या खुंट्या असतात. कोयनेचा भूकंप, म्हणजे डिसेंबर १९६७. मोठा दुष्काळ, १९७२. सव्वीस जुलैचा पाऊस, २००५. ‘दुष्काळाच्या आदल्या वर्षी फुलली’ असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं तर ती नोंद धरायला हरकत नाही. एकट्यानंच सांगितलं तर पेन्सिलीनं लिहायची. गुराखी, मध काढणारे, पूर्वी कूड घालणारे, यांच्याकडे आधी जायला हवं, कारण ही वही त्यांच्या डोक्यात आहे आणि तिची दुसरी प्रत नाही.

तुम्ही म्हणाल, आता हातोहाती मोबाईल आहेत, हजारो फोटो निघतात, मग वेगळी नोंद कशाला? फोटो निघतात हे खरं आहे. मोबाईलनं काढलेल्या मूळ फोटोत तारीख असते, आणि सोय चालू ठेवली असेल तर ठिकाणही असतं. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेला की ठिकाणाची माहिती गळून पडते. मागे उरतो तो निळा डोंगर आणि ‘सह्याद्रीत कारवी बहरली!!’ एवढा मजकूर. तीन वर्षांनी तो पुन्हा फिरतो, आणि रविवारी गाड्या भरून माणसं अशा घाटात जातात जिथे नुसती पानं आहेत. फोटो पुरावा होतो तो मूळ स्वरूपात, तारखेसह आणि ठिकाणासह ठेवला तरच. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, आयनॅचरलिस्ट अशी ठिकाणं आता आहेत, तिथे कोणालाही नोंद टाकता येते आणि जाणकार ओळख तपासून देतात. एक पक्की खूणगाठ बांधा : फोटो मित्रांना पाठवण्याआधी नोंद करायची.

आता नोंद कशी करायची ते बैजवार सांगतो, कारण पुष्कळ जण उत्साहानं सुरुवात करतात आणि पहिल्या ओळीतच अडखळतात.

ठिकाण. ‘माळशेज’ हे ठिकाण नव्हे. माळशेज म्हणजे कित्येक उतार, कित्येक सोंडा. गाव किंवा वाडी, उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, पायथा की मधला टप्पा की माथा, हे लिहा. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश घेत असाल तर दशांश चिन्हापुढचे चार आकडे घ्या. चार आकड्यांनी जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते. दोनच घेतलेत तर ती एक किलोमीटरभर सरकू शकते, आणि घाटात एक किलोमीटर म्हणजे कडा वेगळा, तालुका वेगळा.

ओळख. कारवीची भावंडं पुष्कळ आहेत. महाबळेश्वरकडे व्हायटी आहे, तिचा फुलोरा आखूड गुच्छासारखा आणि चिकट. कास पठाराकडे बुटकी, टोपलीसारखी गोल दिसणारी टोपली कारवी आहे, तिचं वेळापत्रक तिचं स्वतःचं. लांबून डोंगराचा एक फोटो काढून भागत नाही. एक फोटो पानाचा, एक कणसाचा, एक अख्ख्या झुडपाचा असे तीन फोटो असले तर ओळखीचा वाद राहत नाही.

अवस्था. फक्त पानं, कळ्या, थोडी फुललेली, पूर्ण फुललेली, हिरवी बोंडं, वाळकी बोंडं, मेलेल्या काठ्या आणि खाली नवी रोपं. यातली कुठलीही अवस्था ही नोंदच आहे. मेलेल्या काठ्यांवर फुटलेल्या बोंडांची टरफलं आणि पायाशी दाट कोवळी रोपं दिसली, तर फुलोरा नुकताच होऊन गेला हे फूल न पाहताही कळतं.

प्रमाण. एखाददुसरं झुडूप फुललं की सगळा उतार? हा फरक लिहिला नाही तर वाट चुकलेली चार झाडं नकाशावर मोठा फुलोरा होऊन बसतात.

आणि शेवटी, नकार. ‘आज अमुक तारखेला या उतारावर कारवी आहे, फूल नाही.’ एवढं एक वाक्य. हे लिहायला सगळ्यांत कमी श्रम लागतात आणि हेच कोणी लिहीत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. नकाशावर मात्र ‘पाहिलं, नव्हती’ आणि ‘कोणी गेलंच नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या दिसायलाच हव्यात. पहिल्याला पोकळ वर्तुळ द्या, दुसऱ्याला कोरी जागा. हा भेद ज्या नकाशात नाही त्याला मी कारवीचा नकाशा म्हणणार नाही. तो माणसं कुठे सहलीला जातात त्याचा नकाशा असतो. पहिल्या वर्षी आपलेही ठिपके लोणावळ्याजवळ, माळशेजच्या धबधब्यांपाशी आणि मुंबईच्या उद्यानात गर्दी करतील. तो पहिला खर्डा समजा आणि मग कोऱ्या जागा पाहून, मुद्दाम तिकडे कोणीतरी जावं अशी व्यवस्था करा.

ब्रिटनमध्ये पेरिंग आणि वॉल्टर्स यांनी १९६२ साली देशभरच्या वनस्पतींचा ठिपक्यांचा नकाशासंग्रह काढला. दहा किलोमीटरचा एक चौकोन, त्यात ते झाड दिसलं तर एक ठिपका. बहुतेक नोंदी हौशी लोकांच्या होत्या. पद्धत उचलण्यासारखी आहे, चौकोनाचं माप मात्र नाही. आपल्या घाटात दहा किलोमीटरच्या एका चौकोनात कोकणातलं भातखाचर आणि घाटमाथ्यावरचं पठार दोन्ही येतात, हजार मीटरचा चढ येतो. इथे चौकोन एक-दोन किलोमीटरचाच हवा.

हे सगळं करून मिळणार काय? ज्ञान मिळेल हे आहेच, पण मी तीन रोखठोक उपयोग सांगतो.

पहिला वणव्याचा. मघाशी म्हणालो की वाळकी बोंडं उन्हाळाभर काठीवर असतात. त्या उन्हाळ्यात आई-झाडं मेलेली असतात, आणि पुढची सगळी पिढी त्या बोंडांत असते. नेमका तोच आपल्याकडे वणव्यांचा हंगाम. एरवीच्या वर्षी आगीतून कारवी सावरूही शकेल, पण फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात उतार जळला तर तिथली पिढीच गेली. कुठला उतार यंदा फुलला हे नकाशावर असेल, तर वनखात्याला आणि गावच्या वनसमितीला जाळपट्टे आधी कुठे काढायचे आणि राखण कुठे ठेवायची ते सांगता येईल. वाळक्या काठ्यांची तोडही त्या एका उन्हाळ्यापुरती थांबवता येईल.

दुसरा उपयोग मधाचा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून पुढे आलं. कारवीचं वर्ष आधी कळलं तर पेट्या कुठे न्यायच्या, किती न्यायच्या, हे आधी ठरवता येतं. आठ वर्षांतून एकदा येणारा हंगाम माहिती नसल्यामुळे हुकला, हे नुकसान परवडणारं नाही.

तिसरा उपयोग छोट्या तुकड्यांचा. एकगठ्ठा फुलण्यामागचं एक कारण डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ साली बांबूच्या संदर्भात मांडलं. बिया खाणारे किडे, उंदीर, पाखरं यांना एकदम इतकं खाद्य द्यायचं की त्यांनी पोटभर खाऊनही बी उरावं. हा डाव चालतो तो संख्येच्या जोरावर. रस्ता, बंगल्यांची वसाहत, खाण यांनी कारवीचं रान तुटून दहा-वीस झुडपांचं बेट झालं, तर त्याचं सगळं बी फस्त होऊ शकतं. असं बेट कुठे आहे हे नकाशावर दिसेपर्यंत त्याच्यासाठी कोणी काही करणार नाही.

इथे सावधगिरीचा एक शब्द. कारवी मुबलक आहे, तिचं ठिकाण जाहीर करायला हरकत नाही. पण नोंद करता करता तुम्हाला कंदीलपुष्पं किंवा शिंदळ माकुडीसारखी दुर्मिळ झाडं दिसतील. त्यांचा नेमका पत्ता जगजाहीर करू नका. तो जाणकारांकडे द्या, गटांवर टाकू नका.

शेवटचा मुद्दा गुरुजींच्या निमित्तानं. विसाव्या वर्षी कोणी एका डोंगराची कारवी पहिल्यांदा टिपली, तर आठवा फुलोरा टिपताना त्याचं वय शहात्तर असेल. एका आयुष्यात जेमतेम आठ नोंदी! आठ आकड्यांवर कुठलंही शास्त्र उभं राहत नाही. हे काम एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. ते संस्थेचं आहे, शाळेचं, वाचनालयाचं, गिर्यारोहण मंडळाचं. वही एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवी. शिक्षक हे जन्मभर करत असतो. म्हणून या कामाची सुरुवात एका शिक्षकाच्या नावानं चालणाऱ्या व्यासपीठावरून व्हावी, असं मला मनापासून वाटलं.

आयोजकांना माझी विनंती आहे की या वाचनालयात एक जाड बांधणीची वही ठेवावी. पानावर रकाने आखलेले असावेत : तारीख, गाव, उतार, उंची, अवस्था, प्रमाण, नाव. श्रोत्यांना विनंती आहे की प्रत्येकानं एकच उतार आपला म्हणावा, घराजवळचा किंवा गावाकडचा, आणि दर वर्षी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत एकदा तरी तिथे जाऊन यावं. ज्यांना संगणकावर नोंद टाकता येते त्यांनी वहीतलं पान तिथे चढवावं. ज्यांना येत नाही त्यांनी वहीतच लिहावं, तेही तितकंच मोलाचं आहे.

मुंबईच्या उद्यानातला पुढचा फुलोरा हिशेबानं २०३२ साली यायला हवा. त्या वर्षी फोटो काढायला माणसं येतील, त्यांची मला काळजी नाही. मला माणसं हवी आहेत ती मधल्या सात पावसाळ्यांसाठी. यंदाच्या श्रावणात आपल्या उतारावर जा, कारवीच्या पानाला हात लावा, आणि फूल नसेल तर वहीत तारीख घालून लिहा : ‘नाही.’